दर नोव्हेंबरला अफर्म

तवनाप्पांची आणि माझी ओळख एका ताडपत्रीनं करून दिली.

बेळगावात कचेरीच्या आवारात टायपिंगवाल्यांची रांग आहे. म्हणजे तेव्हा होती. चिंचेच्या झाडाखाली सात-आठ टेबलं, टेबलांवर काळी टायपिंगची मशीनं आणि वर बांबूंना बांधलेल्या निळ्या ताडपत्र्या. नोव्हेंबर असूनही त्या सकाळी भुरभुर लागली होती. मी सांबऱ्याच्या बसमधून उतरले, कागदांची पिशवी पदराखाली धरली आणि पहिल्या टेबलाकडे निघाले. बँकेतल्या बाईंनी 'पहिलं टेबल' असंच सांगितलं होतं. तिसऱ्या टेबलापाशी आले आणि वारा सुटला. ताडपत्रीच्या झोळीत साठलेलं पाणी, सगळंच्या सगळं, माझ्या डोक्यावर!

"अय्यो! आक्—"

टेबलामागचा माणूस धडपडत उठला आणि तसाच उभा राहिला. 'आक्का'मधला पुढचा 'का' काही बाहेर आलाच नाही. उंच, सावळा, पांढरा सदरा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. चाळिशीतला असावा. मीही चाळिशीचीच.

"आंघोळ करून आलते हो मी सकाळी," मी पदर पिळत म्हणाले.

"मग… ही माझ्याकडून," तो म्हणाला, आणि बोलून गेल्यावर इतका लाजला की चष्माच काढून पुसायला लागला.

शेजारी स्टॅम्प पेपर विकणारे परशराम बसायचे. ते पान सांभाळत हसले. "बर्री, कूड्री आक्का! या, बसा! आता भिजलाच हाय, तर हितंच टाईप करून घ्या."

मी बसले. पहिलं टेबल राहून गेलं. तसंच राहिलं, ते आजपर्यंत.

माझं काम साधं होतं. मास्तरांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जाऊन आठ-दहा महिने झाले होते. शाळेतून आले, चप्पल काढली, 'जरा पडतो' म्हणाले आणि पडले ते पडलेच. त्यांची पेन्शन माझ्या नावावर झाली. त्यासाठी दर नोव्हेंबरात बँकेला दोन गोष्टी लिहून द्यायच्या: एक, मी जिवंत आहे. दोन, मी पुन्हा लग्न केलेलं नाही. समोर उभी राहून मी जिवंत आहे हे बँकेला पटत नव्हतं, कागद लागत होता. आणि दुसऱ्या गोष्टीचं तर… माझं नाव मंगल, पण मास्तर गेल्यापासून मंगलकार्यात माझी खुर्ची शेवटच्या रांगेत. माझ्याशी लग्न कोण करतंय, आणि बँकेला त्याची केवढी काळजी!

तवनाप्पांनी कागद चढवला, खडखड टाईप केलं आणि वाचून दाखवलं. "आय, मंगल, वाइफ ऑफ लेट… डू हियरबाय सॉलेम्नली अफर्म…"

"थांबा. हे अफर्म काय?"

"असतंय ते तसंच हो. सगळेच लिहितात. सही करा."

"कळल्याबिगर सही करत न्हाय मी. मास्तरची बायको हाय."

माझी शाळा सातवीपर्यंत. माहेरी उचगावात, तीही शेतातल्या भांगलणीचे दिवस सोडून. पुढचं सगळं शिकले ते किराणाच्या पुड्यांवर, बसच्या पाट्यांवर आणि मास्तरांच्या जुन्या पुस्तकांवर. म्हणून एखादा शब्द न कळता पुढं गेला की मला पायात काटा राहिल्यासारखं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खण उघडला, सुतळीनं बांधलेला, पुठ्ठे गेलेला एक शब्दकोश काढला आणि बोट फिरवत शोधलं. मला वाटतं, त्यांना अर्थ पाठ होता. पण मला दाखवायचा होता.

"ठामपणे सांगणे."

"मग साधं 'से' का न्हाय लिहीत? 'से' येतं मला."

"'से' म्हणजे नुसतं बोलणं. ते काय, पोपटपण करतो." त्यांनी चष्मा वर सरकवला. "अफर्म म्हणजे बोललेल्याच्या पाठीशी उभं राहणं. उद्या कुणी विचारलं, तर मागं सरायचं नाही."

"मग मी काय ठामपणे सांगत्ये हितं?"

"की तुम्ही जिवंत आहात."

"आणि?"

"आणि… परत लग्न केलेलं नाही."

"असं तुम्हीच ठामपणे सांगून टाका की बँकेला. तुमचं इंग्रजी चांगलं हाय."

"नाही हो. दुसऱ्याच्या वतीनं अफर्म करता येत नाही. मी नुसता टाईप करणारा." आणि जरा थांबून म्हणाले, "मंगलबाई."

मी सही केली. बसमध्ये बसल्यावर केसांतून पाणी ठिबकत होतं आणि मी… मी हसत होते. किती महिन्यांनी, कोण जाणे.

पुढच्या नोव्हेंबरात माझे पाय आपोआप तिसऱ्या टेबलाकडे वळले. जाताना शेंगदाण्याचे लाडू नेले, गूळ घालून केलेले. आदल्या वर्षी त्या माणसानं शब्दाचे पैसे घेतले नव्हते, नुसते टायपिंगचे घेतले होते. उपकार ठेवायची आमच्याकडे रीत नाही.

त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला, झाकण उघडून वास घेतला, डोळे मिटले आणि… झाकण लावून ठेवून दिला.

"निपाणीकडं आमचं गुऱ्हाळ आहे," ते म्हणाले. "आता पेटलं असेल. हा वास घरचा."

"मग खावा की एक."

"खाईन. नंतर." आणि घाईघाईनं, "अफर्म कुठनं आला माहीत आहे? लॅटिन. फर्मस म्हणजे घट्ट, पक्कं. सही करून जे पक्कं केलं ते फर्म, म्हणून कंपनीला फर्म म्हणतात. आणि शेताला फार्म म्हणतात ना, तोपण त्यातलाच. ठराविक खंड ठरवून, पक्कं करून दिलेली जमीन."

"म्हणजे शेतकऱ्याच्या घरातलाच शब्द की ह्यो."

"घरातलाच. उगाच कोट घालून बसलाय."

मी वर्षातून एकदा जायची, म्हणून शब्दही वर्षाला थोडा थोडाच उलगडायचा. पहिल्या वर्षी अर्थ, दुसऱ्या वर्षी घराणं. तिसऱ्या वर्षी त्यांनी मला तो वापरायचा कसा ते सांगितलं. कोर्टात देवाची शपथ घेऊन सांगतात ते 'स्वेअर', आणि ज्यांना देवाला मध्ये आणायचं नसतं ते 'अफर्म' करतात.

"तुम्ही कशातले?"

"आम्ही जैन. देव कुणाचं काही करून देत नाही, आपलं आपणच करायचं असतं, असं आई सांगायची. मी देवाला त्रास देत नाही. माझं मीच बघतो."

"मग बघा की," मी म्हणाले.

त्यांनी खरंच बघितलं. सरळ माझ्याकडे. मी मशीनवरच्या अक्षरांकडे बघायला लागले. ती कधीच ओळीनं नसतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्याच दिवशी आणखी एक कळलं. मी बसलेली असताना चार बाया येऊन गेल्या. एक पंचविशीची, एक सत्तरीची. सगळ्यांना ते 'या आक्का', 'बसा आक्का', 'सही हितं करा आक्का'. परशराम मला आक्का, चहावाला मला आक्का, अख्ख्या आवाराची मी आक्का. फक्त त्यांची नाही. त्यांची मंगलबाई.

बँकेत गेले तर तिथल्या बाईंनी कागद बाजूला सारला. "हे ॲफिडेव्हिट कशाला आणता मॅडम? फॉर्मवरची सही पुरे. दोन वर्षं झाली नियम बदलून."

मी कागद उचलला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. तवनाप्पांना सांगायचं म्हणून परत कचेरीकडे निघालेसुद्धा. अर्ध्या वाटेवर थांबले. मग सांबऱ्याची बस धरली.

आणि पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा गेले. न लागणारा कागद करून घ्यायला.

ते करोनाचं वर्ष होतं. चिंचेखाली तीनच टेबलं उरलेली. मी तोंड बांधून गेले, तरी लांबूनच ते उठून उभे राहिले. टाईप करताना 'अलाइव्ह' शब्दाशी त्यांची बोटं थांबली. दर वर्षी त्या शब्दावरून आम्ही थट्टा करायचो. त्या वर्षी थट्टा नव्हती. त्यांनी तो शब्द एकेक अक्षर दाबत, सावकाश टाईप केला… जणू त्यावरच सगळं उभं होतं.

"आई गेली," एवढंच म्हणाले. त्यांनी लग्न केलं नव्हतं. आधी बहिणींची झाली, मग वडिलांचं आजारपण, मग आईचं. वयच निघून गेलं, असं परशरामांकडून कळलं होतं.

"लाडू आणलेत," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी डबा घेतला. वास घेतला. ठेवून दिला.

आणि मग पुढच्या वर्षी ती गोष्ट झाली. सही करून मी निघाले आणि छत्री विसरली म्हणून परत फिरले. बघते तर परशराम माझा डबा मांडीवर घेऊन आरामात लाडू खात होते! तवनाप्पा शेजारी बसून टाईप करत होते.

मी छत्री न घेताच आले. मनात म्हटलं, अस्सं! सोवळं! आमच्या हातचं चालत नाही, तर तोंडावर सांगायचं. वास कसला घेता? शेंगदाणे भाजताना हात पोळला होता माझा. पुढची दोन वर्षं मी लाडू नेले नाहीत. ते रिकाम्या पिशवीकडे एकदा बघायचे आणि कागद चढवायचे. मीही मुकाट सही करायची. पण गेले मात्र. दर वर्षी गेले. रागावलेल्या माणसानंसुद्धा कुठंतरी जावंच लागतं.

त्यानंतरच्या नोव्हेंबरात बँकेतून निरोप आला, की आता कुठंच यायला नको. मोबाइलवर चेहरा दाखवला की झालं.

मी अंगणात उन्हाला मोबाइल धरून बसले. शेजारी माझ्या सासूबाई, अंबुबाई. वय अठ्ठ्याहत्तर, दात दोन, कान शाबूत. मास्तर गेल्यापासून आम्ही दोघीच.

"काय म्हणतंय गं त्ये?"

"डोळा मिचकवा म्हणतंय, आत्ती."

"ह्या वयात? आणि कुणाला बघून?"

मी मिचकवला. मी जिवंत आहे हे मोबाइलला पटलं. बँकेपेक्षा शहाणा निघाला. मग पुढचा प्रश्न आला. खाली दोन चौकोन: हो, नाही.

"आता काय इचारतंय?"

"परत लगीन केलंय का, इचारतंय."

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. आमच्या सांबऱ्यात विमान गेलं की बोलणं तिथल्या तिथं थांबवायचं, ते गेलं की पुढचं बोलायचं, अशी सवयच आहे. विमान गेलं. अंबुबाई वर बघतच म्हणाल्या,

"मग सांग की त्येला, अजून न्हाय म्हणून."

अजून.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या विमानाकडेच बघत होत्या.

"आत्ती, ह्यात 'हो' आणि 'न्हाय' दोनच हाईत. 'अजून'ला जागा न्हाय."

"मग ठेव त्ये खाली. जिथं जागा हाय तिथं जाऊन सांग." आता त्यांनी मान वळवली. "नवऱ्याची पेन्शन घ्यायला दर वर्साला इस्त्रीची साडी नेसून कोण जातंय गं? मला काय कळत न्हाय व्हय? माझं लेकरू गेलं. त्याच्या पाठीमागं तूबी गेलीस तर मी कुणाकडं बघू?" डोळे पुसले आणि लगेच, "ऊठ. शेंगदाणं भाजून ठेवलेत मी. लाडू वळ."

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली पोचले तर एकच टेबल उरलं होतं, आणि त्यावरचं मशीन गोणपाटात बांधायचं चाललं होतं. परशराम एक टोक धरून होते, तवनाप्पा दुसरं. एक दिवस… एकच दिवस उशीर झाला असता तर?

मला बघून तवनाप्पांच्या हातातली सुतळी सुटली.

"तुम्ही? आता तर मोबाइलवर होतंय की सगळं."

"तुम्ही कुठं निघालात?"

"गावी. गिऱ्हाईकच नाही. गुऱ्हाळ बघतो आता. मला वाटलं… आता तुम्ही येणार नाही."

"मोबाइलवर होतंय हे ठाऊक हाय. आणि आधी ॲफिडेव्हिट लागतच नव्हतं, ते?"

त्यांचे कान लाल.

"तुम्हाला… माहीत होतं?"

"तिसऱ्या वर्सापासनं. तुम्हाला?"

"…दुसऱ्या."

परशराम कपाळावर हात मारून खालीच बसले. "अरं देवा! आणि मी ह्या दोघांना स्टॅम्प पेपर इकत हुतो!"

मला हसू आलं, आणि रागही. मी डबा टेबलावर आपटला. "घ्या. ह्ये शेवटचं. खाणार न्हाय ते म्हाईत हाय मला. आमच्या घरचं तुम्हाला चालत न्हाय."

"कोण म्हणालं असं?" त्यांचा चेहरा पडला. मी कधी त्यांना दुखावलेलं पाहिलं नव्हतं.

"मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी. माझं लाडू हे परशराम खात हुते."

"आक्का, मी खात हुतो ते खरं," परशराम म्हणाले, "पण ह्यांचा नियम हाय हो! गुळाचा! घरचं गुऱ्हाळ असून ह्या बाबानं सात वर्सं गूळ तोंडाला लावला न्हाय. टाकून द्यायचं न्हाय म्हणून मला द्यायचा… आणि खाताना इचारायचा, कसा झालाय? गोड किती? आज येलदोडा हाय काय?"

मी तवनाप्पांकडे वळले. त्यांनी चष्मा काढला होता.

"आमच्यात चातुर्मासात नियम घेतात," ते हळूच म्हणाले. "महाराजांनी विचारलं, काय सोडतोस? म्हटलं, गूळ. कधीपर्यंत? म्हटलं, एक काम राहिलंय, ते होईपर्यंत. त्यांना वाटलं, शेतीचं असेल. 'होईल लवकर' म्हणाले."

"कसलं काम?"

"एक… बोलायचं राहिलंय."

"कुणाशी?"

परशराम उठले. "मी जरा चहाचं बघून येतो," म्हणाले. चहावाला आमच्या शेजारीच होता, ते विरुद्ध दिशेला गेले.

तवनाप्पांनी गोणपाट बाजूला केलं. मशीन पुन्हा टेबलावर ठेवलं, कागद चढवला. खडखड. 'आय, तवनाप्पा… डू हियरबाय सॉलेम्नली अफर्म…' आणि बोटं हवेतच राहिली. चिंचेची बारीक पानं मशीनवर पडत होती. एक, दोन…

"पुढं काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"मला काय इचारता? दुसऱ्याच्या वतीनं अफर्म करता येत न्हाय."

ते हसले. मग हात मशीनवरून काढून घेतले आणि मांडीवर ठेवले.

"त्या दिवशी… पाणी पडलं तेव्हा… आक्का म्हणणार होतो. सगळ्यांना म्हणतो. तोंडातून आलंच नाही. परत कधी प्रयत्नपण केला नाही."

"एवढंच?"

"एवढंच. आठ वर्षं." त्यांनी एकदा श्वास घेतला. "मंगल, माझ्या घरी ये. तुझी पेन्शन बंद होईल. माझ्याकडं गुऱ्हाळ आहे आणि हा शब्दकोश. विचार कर. घाई नाही."

"आठ वर्सं लावली, आणि म्हणे घाई न्हाय!" मी डबा जवळ ओढला. "माझ्यासंगं माझी सासू येईल."

"मग? त्यांना सोडून ये म्हणालो काय मी?"

"आणि मास्तरांचा फोटो."

"त्यांच्यामुळंच तर तू शब्द विचारलास," ते म्हणाले.

मी डब्याचं झाकण उघडलं आणि एक लाडू त्यांच्यापुढं धरला. या वेळी त्यांनी वास घेतला नाही. सरळ खाल्ला. सावकाश, डोळे मिटून. गालावरून एक थेंब ओघळला, तो त्यांनी पुसला नाही.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"परशराम खोटं सांगायचा," ते म्हणाले. "फार कमी सांगायचा."

त्या नोव्हेंबरात मी मोबाइलवर 'नाही' दाबलं. खरं तेच होतं, आणि खोटं सांगायचं नाही हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. 'अजून' मी मनात म्हटलं.

लग्न फेब्रुवारीत झालं, नोंदणी करून. सासूला बरोबर घेऊन सासरी गेलेली नवरी निपाणीकडं तरी मीच असेन. दोन्हीकडचे चार लोक बोलले. बोलणं काय, पोपटपण करतो.

आता पुन्हा नोव्हेंबर आलाय. गुऱ्हाळ पेटलंय, सगळ्या शिवारात उकळत्या रसाचा वास आहे. अंबुबाई चुलवाणाच्या उबेला बसून दोन दातांनी गरम गूळ चघळतायत. मास्तरांचा फोटो आतल्या खोलीत आहे, शब्दकोश त्याच्याच खाली. मी मोबाइल काढला. डोळा मिचकवला. जिवंत.

मग तो प्रश्न आला. हे शेजारी येऊन वाकून बघायला लागले.

"हे दाबलं की पैसे बंद होतील हां," ते म्हणाले. "ठाम?"

मी 'हो' दाबलं.

मोबाइलनं नुसतं 'धन्यवाद' म्हटलं. आणि ह्यांनी डब्यातला दुसरा लाडू उचलला.